मनासेकाकांची उलटी बोलणी

मला कोणी विचारलं की तुमचे ते मनासेकाका कसे होते, तर मी आधी सांगते, अतिशय हट्टी. बाकीचं नंतर. होते म्हणजे आहेत अजून, देवाच्या दयेने ठणठणीत आहेत, फक्त लांब आहेत. लांब गेलेल्या माणसाबद्दल लोक एकदम गोड गोड बोलायला लागतात, ते मला जमत नाही. मी भावना घरत. पळस्प्याच्या नाक्यावरून थोडं आत गेलं की आमचा खोक्यांचा कारखाना आहे. तिथे पेस्टिंगच्या हॉलमध्ये गेली वीस-बावीस वर्षं मी खोकी चिकटवते. तुम्ही साखरपुड्याला पेढे घेऊन जाता ना, ती खोकी. घरी मी आगरी बोलते, कारखान्यात सगळ्यांना समजेल असं बोलते, आणि राग आला की दोन्ही एकदम बोलते.

मनासे आपटेकर आमच्याकडे डिस्पॅच बघायचे. कुठली गाडी कधी लागणार, कुठल्या मिठाईवाल्याचा माल आधी जाणार, सगळं त्यांच्या हुकमाने. उंच, काटकुळे, शर्ट नेहमी पँटमध्ये खोचलेला, आणि बोलणं इतकं हळू की पंचिंग मशीन चालू असलं तर ओठांकडे बघून समजून घ्यावं लागायचं. ते ज्यू, म्हणजे आपल्याकडचे बेने इस्राएल. मी नवीन होते तेव्हा एकीने मला सांगितलं की हे बाहेरच्या देशातले. मी सरळ जाऊन विचारलं, काका, तुम्ही कुठले? म्हणाले, आपटा गावचा. मी म्हटलं, त्याआधी? म्हणाले, त्याआधी पण आपट्याचाच. त्यांचे पणजोबा पाताळगंगेच्या काठी तेलाचा घाणा चालवायचे, आणि शनिवारी घाणा बंद, तो त्यांचा विसाव्याचा पवित्र दिवस. काकाही शनिवारी बंद. शुक्रवारी उन्हं उतरायला लागली की डबा उचलून घरी निघायचे, आणि मग शनिवारी दिवेलागण होईपर्यंत फोनसुद्धा उचलायचे नाहीत. कारखान्याला आग लागली तरी काका उचलणार नाहीत, असं आम्ही चिडवायचो. रविवारी मात्र आम्ही सगळे सुट्टीवर असताना ते एकटे येऊन गोडाऊन लावून ठेवायचे.

मालक महादेव शेठ. ते आमच्यातलेच, आगरी. उलव्याकडे त्यांची मिठागरं होती, भाताची खाचरं होती. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, पैसे आले. भाऊबंदांनी गाड्या घेतल्या, पोरांच्या हळदीला डीजे लावून नोटा उडवल्या. महादेव शेठनी पळस्प्याला शेड बांधली आणि पुठ्ठ्याचा धंदा काढला. लोक हसले. शेठना लिहिता-वाचता बेताचंच यायचं, पण माणूस बरोबर कळायचा, आणि तोंड म्हणाल तर माझ्यापेक्षा फाटकं.

आमच्याकडे युनियन नव्हती, अजून नाही. अगदी सुरुवातीला, मी लागायच्या आधी, एकदा सगळे मिळून बोनस मागायला गेले आणि शेठच्या दारातच आपापसात जुंपली. पळस्प्याचे म्हणे आम्ही जवळचे, उरणचे म्हणे शेठ आमच्या गावकीतले, घाटावरून आलेले म्हणे आम्हाला कोणी विचारतच नाही. शेठनी सगळ्यांना हाकलून दिलं आणि सांगितलं की एकच माणूस पाठवा, आणि असा पाठवा की ज्याचं इथे कोणाशी सोयरपणही नाही आणि वैरही नाही. असा एकच निघाला. तेव्हापासून दर वर्षी दसऱ्याच्या आधी बोनसची बोलणी मनासेकाका करायचे. त्यांना कोणी निवडून दिलं नव्हतं, पण दुसरं कोणी गेलं असतं तर आम्हालाच चाललं नसतं.

आणि काय ती बोलणी असायची. शेठ गोडाऊनमध्ये येऊन पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यावर मांडी घालून बसायचे. काका उभे. कितीही सांगा, बसायचे नाहीत, म्हणायचे, बसल्यावर मागता येत नाही. बोनसचं नाव कोणी काढायचं नाही. आधी जिताडा मासा किती महाग झालाय त्यावर बोलायचं, मग पाताळगंगेला पाणी किती आहे, मग शेठचा गुडघा. आम्ही बायका हात चालवतोय आणि कान तिकडे. मग काका हळूच काहीतरी पुटपुटायचे, आणि शेठचा भडका उडायचा. मशिनी विका, शेड विका, मलाही विका, असं काहीबाही ओरडत शेठ तरातरा गेटपर्यंत चालत जायचे. काका हलायचे नाहीत. अडवायचे नाहीत, मागून हाकही मारायचे नाहीत. गेटवर वॉचमनशी दोन शब्द बोलून शेठ परत यायचे आणि पुन्हा गठ्ठ्यावर बसायचे. हे दोनदा व्हायचं, कधी तीनदा. शेवटी एक पगार ठरायचा. एखाद्या वर्षी थोडा कमी, एखाद्या वर्षी थोडा जास्त. मला तर वाटतं दोघांनाही आकडा आधीपासून माहीत असायचा. पण पटकन ठरवून टाकलं तर त्यात मजा काय, आणि मान तरी कोणाचा राहिला.

ठरलं की दुसऱ्या दिवशी काका मलिदा आणायचे. पेपरात अमक्याने मलिदा खाल्ला म्हणून येतं, तो नव्हे हो. हा त्यांच्या लोकांचा. गोड पोहे, त्यात ओलं खोबरं, वेलची, बदाम-पिस्त्याचे काप, वर फळं. त्यांचा एक पैगंबर आहे, एलियाहू हनाबी, त्याच्या नावाने करतात. नवस फेडायचा असला, घरात लग्न असलं, कुठे दूर जायचं असलं की करायचा. बोनस ठरला की काकांच्या घरी सॅलीकाकी भलंमोठं पातेलं भरून मलिदा करणार, आम्ही सगळे हात धुऊन खाणार, आणि एक ताट झाकून शेठच्या घरी जाणार, हे ठरलेलं. अजून सांगायला बसले की तो वास मला येतो. एरवी आमच्या हॉलमध्ये गोंदाचा वास, केसांना पण गोंदाचा वास, आणि त्या एका दिवशी वेलचीचा. खूप सुखाचे दिवस होते ते, आणि आम्हाला तेव्हा कळत नव्हतं असंही नाही. चांगलं कळत होतं.

इतक्या वर्षांत मलिदा दुसऱ्या कुठल्याही कारणाने कारखान्यात आला नाही. त्यांच्या घरी शंभर कारणांनी होत असेल. आमच्या डोक्यात मात्र एवढंच पक्कं बसलं होतं की मलिदा आला म्हणजे बोनस झाला.

मग ते लॉकडाऊनचं वर्ष आलं. लग्नं बंद, बारशी बंद, मिठाईची दुकानं बंद. खोकी घेतंय कोण? कारखाना कितीतरी महिने बंदच होता. उघडला तेव्हा निम्म्या लोकांना आज बोलवायचं, निम्म्यांना उद्या. पेस्टिंगच्या बायकांना जेवढी खोकी तेवढे पैसे, आणि खोकीच नाहीत. माझ्या मुलीची, समीक्षाची, शाळा मोबाईलवर आणि घरात मोबाईल एक, तो नवरा कामाला घेऊन जाणार. पोरगी शेजारणीच्या ओट्यावर बसून तिच्या मुलाच्या मोबाईलमध्ये डोकं घालून दहावीचा अभ्यास करायची. माझ्याच बाकावरच्या दोघींनी मंगळसूत्र गहाण टाकलं होतं. सगळ्यांचा जीव दिवाळीच्या बोनसवर टांगलेला होता, माझाही.

शेठना त्याच्या आदल्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. ते उलव्याच्या बंगल्यात खुर्चीला खिळलेले, आणि कारभार मुलाकडे, प्रणितकडे. प्रणित वाईट नाही, हे मी आज म्हणते. तेव्हा मी त्याला काय काय म्हणाले ते सांगण्यासारखं नाही. काका बोलणीला गेले तर त्याने त्यांना केबिनमध्ये बसवून घेतलं, लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला आणि शांतपणे सांगितलं की काका, या वर्षी बोनस नाही. ओरडला नाही, उठून गेला नाही. काका पुन्हा गेले, पुन्हा तेच. बाहेर आले ते अगदी हरवल्यासारखे. मला म्हणाले, "भावना, जो माणूस रागावतच नाही त्याच्याशी बोलायचं कसं?"

दसरा असाच गेला. आणि मग एका शुक्रवारी दुपारी काका मलिदा घेऊन आले.

पातेलं नव्हतं, करोना होता ना. आमच्याच पाव किलोच्या खोक्यांत भरून आणला होता, प्रत्येकाला वेगळं खोकं. तोंडाला मास्क, त्यामुळे चेहऱ्यावर काय आहे ते दिसेना. काही बोललेही नाहीत, घ्या, सॅलीने केलाय, एवढंच. सगळ्यांना देऊन झालं, एक खोकं प्रणितच्या टेबलावर ठेवलं, एक ड्रायव्हरबरोबर शेठकडे पाठवलं, आणि शुक्रवार म्हणून नेहमीसारखे लवकर निघून गेले. पंचिंगवरच्या काशिरामने पहिलं खोकं उघडलं, एक घास तोंडात टाकला आणि म्हणाला, झालं की आपलं काम. बस. हॉलमध्ये असा काही गलका झाला की विचारू नका. रोजंदारीवरची गंगाबाई तर देवाचं नाव घेऊन रडायलाच लागली.

मग आम्ही सगळ्या बायका प्रणितच्या केबिनवर आभार मानायला गेलो. मी पुढे. मी हात जोडून सांगितलं की बाबा, तुला ज्या काही शिव्या घातल्या असतील त्या परत घेतल्या. प्रणित आमच्या तोंडाकडे बघत राहिला, मग टेबलावरच्या खोक्याकडे. त्याला वाटलं, काका आपल्याला टाळून थेट पप्पांकडे गेले आणि पप्पांनी शब्द दिला. बापाचा शब्द आमच्यासमोर कसा मोडणार? तोंड कडू करून हो हो म्हणाला. तिकडे शेठनी मलिदा खाल्ला आणि त्यांना वाटलं, पोराने बोनस देऊन टाकला, चला, पोरगं शहाणं झालं. कारखान्यावरून बापलेकांचं त्या दिवसांत जेवढ्यास तेवढंच बोलणं होतं, म्हणून दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. हे सगळं मला मागाहून कळलं. आणि ज्याला विचारायला हवं होतं, तो माणूस शनिवार म्हणून फोन उचलणार नव्हता.

शनिवारी मी समीक्षाला घेऊन पनवेलच्या बाजारात गेले, मोबाईल बघितला, दुकानदाराशी घासाघीस करून बाजूला ठेवायला सांगितला. पोरगी रस्ताभर माझा हात धरून चालत होती. मोठी झाल्यापासून तिने तसा हात धरला नव्हता.

रविवारी सकाळी काकांना फोन केला. म्हटलं, काका, तुमचे पाय कुठे आहेत, धरायचेत. त्यांनी विचारलं, कशाला? म्हटलं, बोनससाठी. तर म्हणाले, कसला बोनस?

मलिदा सॅलीकाकींसाठी होता. पावसाळ्यात काकींना करोना झाला होता, वाचतील असं वाटत नव्हतं, त्या बऱ्या होऊन घरी आल्या त्याचा तो नवस. आणि दुसरंही कारण होतं, ते काकांनी जरा थांबून सांगितलं. त्यांचा मुलगा एरियल इस्राएलमध्ये, अश्दोदला. आई आजारी असताना त्याला येता आलं नाही, तेव्हापासून त्याने एकच धोशा लावला की आता तुम्ही दोघं तिथे एकटी राहायची नाहीत. कागदपत्रं आली होती. विमानं सुरळीत झाली की निघायचं होतं. बोनसचं काही ठरेपर्यंत कोणाला सांगायचं नाही असं काकांच्या मनात होतं, पण जाण्याआधीचा मलिदा आम्हाला सोडून खायचं त्यांच्या जिवावर आलं.

मी तशीच ओट्याला टेकून उभी राहिले. खरं सांगते, मला आधी बोनसचंच दुःख झालं. काका जाणार याचं नंतर झालं, भांडी घासताना, आणि ते झालं ते मग थांबेना.

पण त्याआधी भांडण झालं. कारण काका म्हणाले, मी आत्ता उलव्याला जाऊन शेठना खरं काय ते सांगतो. मी म्हटलं, वेड लागलंय का तुम्हाला? तुम्ही कोणाशी खोटं बोललात का? नाही. कोणी विचारलं का? नाही. प्रणित आमच्यासमोर हो म्हणालाय, देवाने दिला समजा आणि गप्प बसा. काका हळू आवाजात म्हणाले, "दिलेला असता तर घेतला असता, भावना. हा कोणी दिलेलाच नाही." मी खूप बोलले. त्यांच्या हट्टाला, शनिवाराला, सगळ्याला बोलले. शेवटी म्हटलं, चला, मी पण येते, निदान माझ्या डोळ्यांदेखत बुडू दे.

माझ्या स्कूटीवर मागे बसवून नेलं त्यांना. मुद्दाम जोरात चालवली. उलव्याला तेव्हा जिकडे तिकडे खड्डे, डंपर, क्रेन, अर्धवट उभे राहिलेले टॉवर, आणि सगळीकडून लाल धूळ. काका दोन्ही हातांनी मागची दांडी धरून बसले होते, तरी बोलायचं काही थांबलं नाही. इथे शेठचं मिठागर होतं, म्हणाले. मिठाच्या राशी उन्हात अशा चमकायच्या की डोळे मिटून घ्यावे लागायचे. इथे बांधावर बसून त्यांनी आणि शेठनी जवळ्याची चटणी आणि भाकरी खाल्ली होती, कारखाना काढायच्या आधी. मग एकदम आठवून म्हणाले, म्हणजे भाकरी मी खाल्ली, जवळा आमच्या धर्मात चालत नाही. मला हसू आलं आणि त्याचाच जास्त राग आला.

शेठ व्हरांड्यात खुर्चीत बसले होते, एक हात मांडीवर निपचित. काकांना बघून खूश झाले, मलिद्यात साखर कमी पडली म्हणाले. काकांनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं की मलिदा बोनसचा नव्हता, प्रणितने मला काही कबूल केलेलं नाही, आणि मी देश सोडून चाललोय. एका दमात तिन्ही. मी तुळशीकडे बघत राहिले, शेठकडे बघायची माझी छाती झाली नाही.

शेठनी एवढंच विचारलं, "कवा?" काका म्हणाले, विमानं सुरू झाली की. मग शेठनी प्रणितच्या नावाने हाक मारली. तोंड एका बाजूने वाकडं झालं होतं, पण आवाज गोडाऊनमधलाच.

प्रणित खाली आला. बाप म्हणतो, तू हो म्हणालास ना? मुलगा म्हणतो, तुम्हीच हो म्हणालात ना? दुसरी वेळ असती तर मी हसून हसून लोळले असते. पण प्रणितच्या चेहऱ्यावर सुटलो बाबा असं स्पष्ट दिसलं आणि माझं टाळकं सरकलं. मी तोंड उघडणार एवढ्यात काकांनी हात वर केला.

"शेठ, मी बोलणी करायला आलोय."

शेठ खुर्चीत सरसावले. त्या निम्म्या अंगात कुठून जीव आला कोण जाणे. बोल म्हणाले, काय पाहिजे?

"अर्धा पगार. पण सगळ्यांना. पेस्टिंगच्या बायकांना पण, त्यात कायमचे आणि रोजंदारीचे असं करायचं नाही."

मला चक्कर यायची तेवढी बाकी राहिली. दर वर्षी हा माणूस दोन पगारांपासून सुरू करायचा. मी मागून त्यांचा शर्ट ओढला, तर त्यांनी तो सोडवून घेतला.

शेठ उखडले. "अर्धा? इतकी वर्सं माजा जीव खाल्लास आन आज अर्धा? भिकारी समजतंस काय मना? एक पगार."

"एक झेपणार नाही शेठ. प्रणित खरं बोलतोय. गोडाऊन मी लावतो, मला माहीत आहे. लग्नसराईचा सगळा माल अजून तसाच पडून आहे. अर्धा."

"पाऊण."

"अर्धा."

"तू चूप. कारखाना माजा हाय. पाऊण."

मालक वर ओढतोय आणि कामगार खाली ओढतोय, अशी बोलणी मी जन्मात बघितली नव्हती. प्रणित तर भिंतीला टेकून नुसता बघत होता. पूर्वी या ठिकाणी शेठ उठून गेटपर्यंत गेले असते. त्यांनी चांगल्या हाताने खुर्चीचा दांडा धरून उठायचा प्रयत्नही केला, आणि पुन्हा खाली बसले. मला आता राहवेना. मी काकांना विचारलं, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे आहात? तेव्हा माझ्याकडे न बघता ते शेठना म्हणाले, "पुढच्या वर्षी मी नसेन. कारखाना असायला पाहिजे."

शेठच्या डोळ्यांना धार लागली. पुसायचंही त्यांना सुचेना. "मंग मी कोनाशी भांडू?" असं म्हणाले, अगदी लहान मुलासारखं.

काका तिथेच पायरीवर बसले. इतक्या वर्षांत त्यांना शेठसमोर बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं. मला वाटायला लागलं की आपण इथे यायलाच नको होतं, हे आपण बघायचं नव्हतं.

शेवटी प्रणित बोलला. म्हणाला, पाऊण देतो, पण दोनदा मिळून. दिवाळीला अर्धा, आणि होळीपर्यंत लग्नांचं काम आलं तर राहिलेला पाव तेव्हा. शेठनी काकांकडे बघितलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. आधी मला कळलंच नाही की मला विचारतायत. कळल्यावर मी प्रणितला म्हटलं, होळीचं जे म्हणालास ते पुन्हा एकदा म्हण, बापासमोर म्हण. त्याने म्हटलं. आणि सांगायला हवं, त्याने ते पाळलं. होळीच्या आधी राहिलेला पाव सगळ्यांना मिळाला, गंगाबाईलाही. समीक्षाचा मोबाईल दिवाळीच्या आदल्या दिवशी घरी आला.

जानेवारीत काका-काकी अश्दोदला गेले. पनवेलच्या त्यांच्या गल्लीत आता त्यांच्यातली दोन-तीनच घरं उरली आहेत. तिथल्या सिनेगॉगवरून, म्हणजे त्यांच्या प्रार्थनाघरावरून, जाताना अजून माझी मान त्यांच्या खिडकीकडे वळते. तिथे आता कोणाची तरी ओली चादर वाळत असते, आणि कारण नसताना मला त्या चादरीचा राग येतो. पावसाळ्यात शेठ गेले. मी फोनवर सांगितलं तेव्हा काकांच्या हातून सॅलीकाकींनी फोन घेतला.

त्या वर्षी लग्नं जोरात झाली. दसरा जवळ आला तशी सगळ्यांनी मला पुढे केलं, भावना, तू जा. काशिराम म्हणाला, तुझ्या तोंडाला प्रणित टिकायचा नाही. मी रात्रंदिवस मनात जुळवणी केली. आधी काय बोलायचं, मग काय, तो नाही म्हणाला की काय, लॅपटॉप फिरवला तर काय. उभं राहून मागायचं हेही ठरवलं. केबिनमध्ये गेले. पावसाचं काही बोलावं म्हणून तोंड उघडलं तर त्याने विचारलं, ताई, बोनसचं ना? किती? मी म्हटलं, एक पगार. तो म्हणाला, ठीक आहे, बँकेत जमा होईल. आणि फोन आला म्हणून फोनवर बोलायला लागला. मी उगीच थोडा वेळ उभी राहिले आणि बाहेर आले.

बायकांनी मला मिठ्या मारल्या. सगळ्यांना आनंद झाला, का नाही होणार, पूर्ण पगार होता. मी गोडाऊनमागे जाऊन रडले. कशासाठी रडतेय ते मला नीट सांगताही आलं नसतं. मग तिथूनच काकांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, किती वेळ लागला? मी म्हटलं, वेळ कसला, आत गेले आणि बाहेर आले.

त्यांनी आकडा पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाले, "मग तू कमी मागितलंस."

मी चिडले. म्हटलं, काका, मला जास्त नको होतं हो. मला कोणीतरी एकदा नाही म्हणायला हवं होतं.

"इथे पण," ते म्हणाले, "एरियल मला सगळ्याला होच म्हणतो गं."